बंब पोहोचेपर्यंत: कोकण किनाऱ्यावरच्या हॉटेल, लॉज आणि होमस्टेसाठी आगीची तयारी

देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून एकच अरुंद रस्ता. मे महिन्यातल्या शनिवारी रात्री त्या रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. तिथल्या एखाद्या लॉजमध्ये कढई पेटली तर मालवणहून बंब निघेल, पण पोहोचेल कधी हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. दिवेआगरने श्रीवर्धनकडे बघायचं, काशिदने मुरुडकडे, कर्द्याने दापोलीकडे, गणपतीपुळ्याने रत्नागिरीकडे. मधे वळणं, चढ-उतार, आणि गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे.

म्हणून इथे आगीचे नियम दोनदा वाचावे लागतात. एकदा कायद्याला काय हवं म्हणून, आणि एकदा बंब येईपर्यंत आपल्याला काय हवं म्हणून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की पहिल्याचं बरंचसं काम होऊन जातं. उलट मात्र होत नाही: फाइल चोख आणि मागचं दार कुलूपबंद अशी ठिकाणं किनाऱ्यावर भरपूर आहेत. खालचा क्रम मी बिनखर्चाच्या आणि जीव वाचवणाऱ्या कामांपासून लावला आहे, कागद मुद्दाम शेवटी ठेवले आहेत.

पहिलं काम: बाहेर पडायची वाट

आगीत माणसं बहुतेक वेळा जळून मरत नाहीत, धुराने मरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेल्याला जाग येत नाही, आणि जाग आली तरी धुराने भरलेल्या जिन्यात चार पावलांपलीकडचं दिसत नाही. त्यामुळे आग विझवायची नळकांडी किती टांगली यापेक्षा झोपेतून उठलेला पाहुणा अंधारात, अनोळखी इमारतीतून बाहेर कसा पडेल, हा प्रश्न आधीचा.

आज रात्री जेवणं आटोपली की सगळ्यात लांबच्या खोलीत जा, दिवे घालवा आणि तिथून अंगणापर्यंत चालत या. मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही. वाटेत जे पायात येईल, ज्या दाराला किल्ली लागेल, जिथे वळण चुकेल, ते लिहून काढा. हीच तुमच्या कामाची पहिली यादी.

या यादीत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे रात्री ओढून कुलूप लावलेलं चॅनल गेट. मालक घरी झोपायला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, वर आठ खोल्या भरलेल्या. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. चोरीची भीती खरी आहे, तर बाहेरून कुलूप राहील पण आतून नुसती कडी सरकवून दार उघडेल अशी रचना सुताराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून करून घ्या. रात्रपाळीचा माणूस गेटपाशी झोपतो हे पुरेसं उत्तर नव्हे, कारण धुरात पहिला बेशुद्ध तोही पडू शकतो.

दुसरी गोष्ट खिडक्यांचे गज. कोकणात ते चोरांपेक्षा माकडांसाठी बसवलेले असतात. प्रत्येक खोलीच्या निदान एका खिडकीचा गज बिजागरीवर, आतून उघडणारा करा. बिजागरी आणि कडी स्टेनलेस स्टीलची घ्या. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत असं धरतं की हातोडा मारल्याशिवाय हलत नाही. बाहेरच्या लोखंडी जिन्याचंही तेच. पायऱ्या भिंतीला जिथे जोडल्या आहेत तिथला गंज खरवडून बघा, नुसता रंग बघू नका.

मोजमापं: संहितेनुसार हॉटेलच्या जिन्याची रुंदी दीड मीटर हवी, बाहेरच्या दाराची रुंदी निदान एक मीटर आणि उंची दोन मीटर, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि पक्क्या बांधकामात मजल्यावरच्या कुठल्याही जागेपासून सुरक्षित जिन्यापर्यंतचं चालायचं अंतर ३० मीटरच्या आत. जुन्या घराचा लॉज केला असेल तर दीड मीटरचा जिना बहुधा नसेलच. अशा वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्या टोकाला बाहेरून एक जिना लावणं हा सगळ्यात उपयोगी खर्च आहे. नव्या एसीपेक्षा तो आधी करा. तोवर म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेली कुटुंबं तळमजल्यावरच ठेवा.

पोटमाळ्याबद्दल माझं मत कडक आहे. कौलारू घराच्या माळ्यावर गाद्या टाकून ‘डॉर्मिटरी’ करायची लाट आली आहे. खाली स्वयंपाकघर, वर वासे-रिपांचं छप्पर, चढायला एक लाकडी शिडी. धूर वरच चढतो आणि तिथेच साठतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅसमुळे आग लागली, तेव्हा गेलेली आठ माणसं अशाच पोटमाळ्यावर जेवायला बसली होती. माळ्यावर सामान ठेवा, माणसं झोपवू नका.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बागेतल्या हॉटेलात १७ जण गेले. तिथल्या बोळांच्या भिंतींना लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या आणि आग त्यांच्यावरून धावली. त्यामुळे जिना आणि बोळ यांत प्लायवूड, फोम, थर्माकोल, पीव्हीसीचं छत नको. चिरा उघडा ठेवा किंवा गिलावा करा. चिरा दिसायलाही चांगला दिसतो, उगाच त्याच्यावर फळ्या ठोकतात.

स्वयंपाकघर

हॉटेलातल्या आगीची पहिली जागा हीच, म्हणून इथे थोडं थांबूया.

गॅसपासून सुरुवात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, जमिनीवरून वाहतो आणि खड्डा, गटार, मोरी, विहीर जिथे सापडेल तिथे साठतो. हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळला की एका ठिणगीत पेट घेतो. आपल्याकडे जागा उताराच्या असतात, सिलिंडर मागच्या पडवीत आणि त्याखालच्या अंगाला पाण्याची मोटर. गॅस उतरून मोटरपाशी जातो आणि मोटर आपोआप चालू होते, हा धोका घराच्या नकाशातच असतो. सिलिंडर मोटर, गटार आणि विहिरीपासून लांब, बाहेर, उभे, जाळीदार शेडमध्ये ठेवा. तिथून आत धातूची पाइपलाइन, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी हाताला येईल असा मुख्य कॉक. पेटलेल्या शेगडीवरून हात घालून बंद करावा लागणारा कॉक उपयोगाचा नाही. गळती सांगणारं यंत्र बसवाल तर ते जमिनीलगत बसवा. अनेक ठिकाणी ते छताजवळ लावलेलं दिसतं.

हिशेब सोपा आहे. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला स्फोटक खात्याचा, म्हणजे ‘पेसो’चा परवाना लागत नाही. भरलेले पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की ११४. मे महिन्यात आणि ३१ डिसेंबरला ‘जादा असू दे’ म्हणून कोपऱ्यात उभे केलेले दोन सिलिंडर तुम्हाला नकळत परवान्याच्या हद्दीत नेतात. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर हॉटेलात वापरणं तर सरळ बेकायदा, आणि काही घडलं तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

रबरी नळी जितकी आखूड तितकी बरी. तिच्यावरची तारीख वाचा. उंदरांनी कुरतडलेली, तेलाने फुगलेली, तारेने आवळलेली नळी लगेच बदला. गळती साबणाच्या फेसाने तपासतात; काडी ओढून बघणारे आचारी अजून आहेत, त्यांना त्याच क्षणी थांबवा. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. कॉक बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर.

आता तेल. कोंबडी-वडे आणि तळलेली सुरमई यांच्यावर धंदा चालतो, म्हणजे मोठी कढई दिवसभर तापलेली. तेल धुरायला लागलं की तो शेवटचा इशारा; आणखी तापलं की बाहेरून ज्वाळा न लागताही पेटतं. पेटलेल्या कढईत पाणी पडलं की त्याची वाफ होऊन आकारमान सुमारे १७०० पट वाढतं आणि ती वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते. कढईएवढं झाकण शेगडीशेजारी खिळ्याला टांगून ठेवा. पेटलं तर गॅस बंद, झाकण सरकवत कढईवर, आणि थंड होईपर्यंत उघडायचं नाही. कढई उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. भाजलेले आचारी बहुधा असेच भाजलेले असतात. तळण मोठं असेल तर तेलाच्या आगीसाठीचं वेट केमिकल नळकांडं घ्या. पावडरचं नळकांडं ज्वाळा विझवतं, पण तेल गरमच राहतं आणि पुन्हा भडकू शकतं.

चिमणी आणि धूर बाहेर नेणारा डक्ट आतून बघितल्याशिवाय साफ समजू नका. हूडच्या जाळ्या दर आठवड्याला गरम पाणी आणि सोड्यात उकळा. डक्टला साफसफाईची झडप नसेल तर पाडून घ्या. आतला तेलकट थर एकदा पेटला की आग भिंतीतून थेट छपरात पोहोचते.

‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी लावली असेल तर आणखी एक बघा. चुलीच्या अंगाला सोडणं (नारळाच्या शेंड्या), करवंट्या, फाटी (जळाऊ लाकडं) यांची रास असते, कारण हाताशी लागते. एका वेळेपुरतंच इंधन जवळ ठेवा, बाकीचं आवाराच्या दुसऱ्या टोकाला. रात्री चूल पाण्याने विझवा. राखेखालचा निखारा पहाटेच्या वाऱ्याला जागा होतो.

वीज आणि खारा वारा

खारी हवा तांब्याचे जोड हिरवे करते, जोड सैल झाला की तापतो, तापला की वेष्टन वितळतं. हे हळूहळू, प्लास्टिकच्या पेटीच्या आत चालतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी अशा दोन वेळा परवानाधारक वायरमनला मुख्य पेटी उघडायला लावा, जोड आवळून घ्या, काळवंडलेले बदला. प्रत्येक एसी आणि गिझरला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच. खोल्यांच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवून देणारा वायरमन बदला. तो तक्रार मिटवतो, वायर मात्र तेवढीच राहते.

जनरेटर २०२० च्या निसर्ग वादळानंतर घरोघरी आले, तेव्हा किनाऱ्यावरची गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा स्विच) जोडू नका, जिन्याखाली ठेवू नका, आणि डिझेलचे कॅन त्याच्या शेजारी नकोत. इन्व्हर्टरची बॅटरी गादीच्या खोलीत ठेवण्याची सवयही मोडा.

झाप, कापड, फटाके

नारळाच्या झापांचा मांडव हे किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटचं रूपच झालं आहे. मार्चनंतर ते झाप काडीपेटीइतके कोरडे असतात. डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले, त्यांतले अनेक स्वच्छतागृहात अडकून. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारी, गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यांत बहुतेक तिथले कामगार होते, आणि अरुंद वाटेमुळे बंब लांबच थांबले होते. दोन्ही ठिकाणी भर रात्र, गर्दी आणि पेटाऊ सजावट. आपल्या किनाऱ्यावर ३१ डिसेंबरला वेगळं काय असतं?

मांडव ठेवायचाच असेल तर चारही बाजूंनी उघडा ठेवा, स्वयंपाकघराच्या आणि मुख्य इमारतीच्या छपराला टेकवू नका, त्याखाली शेगडी, तंदूर, मशाल नको. दिवे एलईडी, वायर झापांतून ओवलेली नको. मांडवाखाली आतषबाजी, केकवरची उडती फुलबाजी, कोल्ड पायरो (यंत्रातून उडणारे ठिणग्यांचे फवारे) काहीही चालणार नाही हे बुकिंग घेतानाच सांगा. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर रिसॉर्ट असेल तर वेगळाच धोका: वणवा. नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळतं, आणि उन्हाळ्यात सडाच्या सडा पेटत आंबा-काजूच्या बागांपर्यंत येतो. इमारतीभोवती रुंद पट्टा गवत काढून उघडा ठेवा आणि पालापाचोळा तिथेच जाळण्याचा मोह टाळा.

नळकांडी आणि पाणी

बोळात आणि खोल्यांजवळ एबीसी पावडर (लाकूड-कापड, तेल, गॅस अशा आगींसाठीची), विजेच्या पेटीपाशी सीओटू (कार्बन डायऑक्साइड), स्वयंपाकघरात वेट केमिकल. १५ मीटर चालण्याच्या आत एखादं तरी सापडलं पाहिजे. ते दाराकडे लावा, शेगडीच्या मागे नाही. आगीत हात घालून नळकांडं काढणार कोण? दर महिन्याला काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन-सील जागेवर आहे का, तळाला गंज धरलाय का, नळी तडकली का बघा. बाहेरची नळकांडी खाऱ्या हवेत पेटीत ठेवा. हायड्रॉलिक चाचणीची तारीख अंगावर लिहिलेली नसेल तर भरून देणाऱ्याला जाब विचारा. वापरायची रीत: पिन ओढा, ज्वाळेच्या मुळाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पाठ नेहमी दाराकडे. एक नळकांडं संपलं आणि आग विझली नाही तर बाहेर पडायचं, दुसरं शोधायचं नाही.

पाण्याच्या बाबतीत एकच खोच आहे. आग लागली की आपण मेन स्विच पाडतो, आणि विहिरीवरचा पंप त्याच मेनवर असतो. पंपाला वेगळी जोडणी किंवा डिझेल इंजिन ठेवा. विहिरीपर्यंत बंबाचा पाइप पोहोचेल अशी वाट मोकळी ठेवा. रस्त्यापासून तुमच्या दारापर्यंतची सगळ्यात अरुंद जागा आणि सगळ्यात खाली आलेली फांदी मोजा, आणि ती मापं आधीच जवळच्या अग्निशमन केंद्राला कळवा. लोटे, महाड, रोहा, कुडाळ अशी औद्योगिक वसाहत जवळ असेल तर तिथल्या केंद्राचा नंबरही भिंतीवर हवा, १०१ आणि ११२ च्या शेजारी.

रात्रीची माणसं

खोल्यांत आणि बोळात बॅटरीवरचे धूर-सूचक बसवा, महाग नाहीत. दमट हवेत ते कधी उगाच वाजतात. म्हणून काढून ठेवायचे नाहीत, पुसायचे आणि जागा बदलायची.

रात्री कोणत्या खोलीत किती माणसं, याची एक प्रत गेटपाशी ठेवा. जमायची जागा ठरवा: अंगणातलं तुळशीवृंदावन चालेल, माडाखालचं पार्किंग नाही. कोण १०१ लावणार, कोण गॅस बंद करणार, कोण दारं ठोठावणार, हे नावानिशी लिहा. पोरं हंगामी असतात, दर मोसमात नवी येतात, त्यामुळे दिवाळीआधी आणि एप्रिलमध्ये तालीम पुन्हा. पाहुण्यांना चेक-इनच्या वेळी ‘हे मागचं दार, आतून नुसतं ढकला’ एवढं दाखवा. भाजलेल्या जागेवर निदान २० मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

कागद, पाहणी आणि नोटीस

महाराष्ट्रात लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि त्याखालचे २००९ चे नियम. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आपल्याकडे जागा एकाची, चालवायला घेतलेली दुसऱ्याने, तीही अकरा महिन्यांच्या करारावर, असा प्रकार सर्रास. जिना कोण बांधणार, वायरिंग कोण बदलणार, फॉर्म कोण देणार, हे करारात लिहा. नाहीतर नोटीस आल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

यंत्रणा बसवणं आणि तपासणं परवानाप्राप्त एजन्सीकडूनच. त्यांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे असते. नाव आणि परवान्याची मुदत तिथे पडताळा. बसवल्यावर एजन्सी यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा फॉर्म ए देते, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सादर करायचा असतो. एजन्सीचा माणूस नळकांड्याला हात न लावता चहा पिऊन फॉर्मवर शिक्का देत असेल तर तो कागद घेऊ नका. सही त्याची, पण आत झोपलेले पाहुणे तुमचे.

नगरपरिषद किंवा नगरपंचायत हद्दीत तिथल्या अग्निशमन विभागाकडे जा. ग्रामपंचायत हद्दीत संचालनालयाकडे विचारा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, खाद्य परवाना, पर्यटन नोंदणी यांपैकी काहीही अग्निशमन दाखल्याची जागा घेत नाही. तुमच्या इमारतीला नेमकं काय लागू होतं ते उंची आणि क्षेत्रफळावर ठरतं. १५ मीटरवर गेलात की यादी एकदम लांबते. मोजमापं देऊन लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. ‘साहेबांनी तोंडी सांगितलं’ हे नंतर कुठेही टिकत नाही.

अधिकारी पाहणीला आले तर त्यांना मुद्दाम मागच्या बाजूला न्या. ते स्वागतकक्षात बसून परत जाणं तुमच्या फायद्याचं नाही. नोटीस मिळाली तर तिच्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे काय केलं, कधी केलं, काय राहिलं आणि किती दिवसांत होईल ते लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. मुदत गेली तर वीज-पाणी तोडण्याचे आणि जागा सील करण्याचे अधिकार कायद्यात आहेत. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कारावास आणि २० ते ५० हजारांचा दंड, शिवाय चालू राहिलं तर रोजचा दंड वेगळा.

शेजारच्या लॉजमुळे तुमच्या घराला धोका वाटत असेल, तर माहिती अधिकारात त्याच्या शेवटच्या फॉर्म बीची प्रत आणि पाहणी अहवाल मागा. अर्जावर कोर्ट फी स्टँप दहा रुपयांचा, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.